मुंबईचा टाऊन हॉल आणि आपल्या विहाराचा वरचा मजला

(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही शेजारच्या वस्तीतल्या अभ्यास मंडळाची माणसे. एखादी जुनी वास्तू बघायची, तिच्याविषयी मिळेल ते वाचायचे आणि आपसांत बोलायचे, एवढाच आमचा उद्योग. समितीचा निरोप आला की वर्धापन दिनाला काहीतरी बोला. आम्ही विचारले, कशावर? उत्तर असे मिळाले की विहाराच्या नव्या वरच्या मजल्याचे काय करायचे यावर आमच्यात दोन मते पडली आहेत, त्यावर काही उजेड पडेल असे बोला.

ती दोन्ही मते आम्ही ऐकली. एका बाजूचे म्हणणे असे की मजला साखरपुडे, लग्नकार्ये, बारसे यांना भाड्याने द्यावा. वीजबिल, रंगरंगोटी, छपराची डागडुजी त्यातून निघेल, आणि गरिबाला स्वस्तात हॉलही मिळेल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की तिथे अभ्यासिका आणि वाचनालय व्हावे, कारण दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांत मुलांनी अभ्यास करायचा तरी कुठे? दोन्ही बाजूंची माणसे आपलीच आहेत आणि दोघांचेही म्हणणे खोटे नाही. म्हणून आधी आम्ही तुम्हाला एका इमारतीची हकीकत सांगतो. आमचे मत काय, ते शेवटी सांगू.

इमारत म्हणजे मुंबईचा टाऊन हॉल. चर्चगेटहून किंवा व्हीटीहून, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, चालत हॉर्निमन सर्कलला गेलात की समोर दिसतो. आठ जाडजूड खांब आणि रस्त्यापासून वर चढत गेलेल्या तीस पायऱ्या. सिनेमात तुम्ही सर्वांनी त्या पाहिल्या आहेत. लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला तिथे येतात, कॉलेजची मुले गप्पा मारत बसतात. नाव अजून टाऊन हॉलच आहे, पण आत नगराची सभा भरत नाही. आत पुस्तके आहेत. लोक तिला ‘एशियाटिक लायब्ररी’ म्हणतात.

टाऊन हॉल म्हणजे काय? आपल्या भाषेत सांगायचे तर शहराची चावडी. आणि चावडी म्हटले की आपल्या आजोबा-पणजोबांना काय आठवायचे ते वेगळे सांगायला नको. चावडीवर पाटील-कुलकर्णी बसत, आणि येसकर खाली उभा राही. हाक मारली की धावायचे, निरोप न्यायचा, सारा वसुलीच्या वेळी लोकांना बोलावून आणायचे, पण चावडीवर बसायचे नाही. आमच्या मते कुठल्याही सार्वजनिक इमारतीची परीक्षा तिच्या पायरीपाशी होते. वर कोण बसतो आणि खाली कोण उभा राहतो, हे आधी बघावे.

आता टाऊन हॉलचा जन्म कसा झाला ते पाहू. १८०४ साली मुंबईतल्या काही इंग्रज मंडळींनी परळच्या गव्हर्नरच्या बंगल्यात जमून एक विद्वत्सभा काढली. ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ हे तिचे नाव. पुढाकार घेतला सर जेम्स मॅकिंटॉश यांनी. ते मुंबईच्या कोर्टात न्यायाधीश होते. पुस्तके जमू लागली, जुन्या वस्तू जमू लागल्या, तेव्हा त्यांना जागा हवी झाली. मग सभागृह, ग्रंथालय आणि वस्तुसंग्रह एकाच छपराखाली असावेत अशी कल्पना निघाली.

पण पैसा? पैशासाठी चक्क सोडत काढण्यात आली! आज आपण लॉटरीला नावे ठेवतो, पण मुंबईचा टाऊन हॉल सोडतीच्या पैशावर सुरू झाला आहे. आणि सोडतीचे नेहमी जे होते तेच झाले, पैसा पुरला नाही. नकाशा कर्नल थॉमस कूपर यांचा. १८२१ च्या सुमारास काम सुरू झाले. १८२५ मध्ये कूपर वारले, तरी इमारत अपुरीच होती. पुढे दुसऱ्यांनी काम हातात घेतले आणि १८३३ साली ती पुरी झाली. कल्पना निघाल्यापासून वीस वर्षांहून जास्त काळ गेला. आपल्या विहाराचा स्लॅब दोन वर्षे रखडला म्हणून कोणी मन खट्टू करून घेऊ नये, एवढे यातून दिसतेच.

आता एक बारकावा लक्षात ठेवा, कारण शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे. सोडतीचा पैसा संपल्यावर उरलेला खर्च सरकारने उचलला. फुकट उचलला का? नाही. बदल्यात इमारतीतल्या खोल्या सरकारी कचेऱ्यांसाठी घेतल्या. पुस्तकांसाठी निघालेल्या इमारतीत पहिल्या दिवसापासून पुस्तकांबरोबर कचेऱ्याही बसल्या. ज्याने पैसा घातला त्याने जागा घेतली. यात कोणी कोणाला फसवले असे आम्ही म्हणत नाही, व्यवहाराची रीतच ती आहे.

पुढची बरीच वर्षे ही इमारत खऱ्या अर्थाने टाऊन हॉल होती. गव्हर्नरचे समारंभ, शहरातल्या बड्या लोकांच्या सभा, सत्कार तिथे होत. १ नोव्हेंबर १८५८ रोजी कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आल्याचा जाहीरनामा याच टाऊन हॉलच्या पायऱ्यांवरून वाचण्यात आला. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याला सुरुवातीला स्वतःची वास्तू नव्हती, तेव्हा त्याची कचेरीही इथेच होती. म्हणजे राज्य बदलल्याची दवंडी इथून पिटली गेली आणि पदवीच्या शिक्षणाचा कारभारही इथूनच सुरू झाला.

पण पायरीचे काय? ज्या विद्वत्सभेसाठी हा सगळा खटाटोप झाला, तिच्यात पहिला हिंदी सभासद आला तो १८४० साली. माणकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ होते. १८०४ ते १८४० म्हणजे छत्तीस वर्षे! हिंदुस्थानच्या इतिहासाचा, भाषांचा अभ्यास करणाऱ्या सभेत हिंदुस्थानचा एकही माणूस नाही. त्यानंतर हळूहळू इथले शिकलेले लोक आले. जगन्नाथ शंकरशेट यांचा पुतळा आज त्या इमारतीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड आले. अजिंठ्याच्या लेण्यांतले शिलालेख वाचण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मात्र हे सगळे वरच्या थरातले, पैशाने किंवा जातीने मोठे लोक, हेही नमूद केले पाहिजे. ज्यांच्या पूर्वजांनी, किंवा पूर्वजांच्या धम्मबांधवांनी, ती लेणी खोदली, दाने दिली, त्यांच्या वारसांना या पायऱ्या अजून लांब होत्या.

आणि इथेच या इमारतीचा आणि आपला सांधा जुळतो. ही गोष्ट आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

भाऊ दाजींच्या हाताखाली जुनागढचे एक तरुण गृहस्थ काम करीत. त्यांचे नाव भगवानलाल इंद्रजी. इंग्रजी शिक्षण त्यांना रीतसर मिळाले नव्हते, पण देशभर हिंडून शिलालेखांचे ठसे घेणे, लिप्या वाचणे यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. १८८२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी नालासोपाऱ्याजवळची एक टेकडी खणली. आपल्या पाली ग्रंथांतले ‘सुप्पारक’ बंदर म्हणजे हे सोपारा. लंकेच्या महावंसात विजय राजाचे गलबत ज्या बंदराला लागल्याचे सांगितले आहे, ते हेच. पण गावच्या लोकांच्या बोलण्यात त्या टेकडीचे नाव काय होते? ‘बुरूड राजाचा कोट’. टोपल्या विणणाऱ्या बुरुडाचा किल्ला! धम्म विसरला गेला होता, स्तूप हा शब्दही गेला होता, पण ही जागा कोणा बुरूड राजाची होती एवढे लोक सांगत होते. आम्ही हे वाचले तेव्हा थोडा वेळ गप्पच बसलो.

टेकडीच्या पोटात विटांचा स्तूप होता आणि त्याच्या मध्यभागी दगडी करंडक सापडला. झाकण काढल्यावर दिसले ते असे. मध्ये तांब्याची डबी आणि तिच्याभोवती गोल बसवलेल्या आठ लहान धातूच्या मूर्ती. विपस्सी, सिखी, वेस्सभू, ककुसंध, कोणागमन, कस्सप आणि गोतम हे सात बुद्ध, आणि आठवा मैत्रेय, म्हणजे पुढे होणारा बुद्ध. आपण वंदनेत होऊन गेलेल्या, पुढे होणाऱ्या आणि आताच्या बुद्धांना नमस्कार करतो ना? तोच नमस्कार तिथे धातूत घडवून ठेवलेला होता. तांब्याच्या डबीत चांदीची, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची डबी. सोन्याच्या डबीत काय असावे? हिरे-माणके? नाही. मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे मानून जपले असावेत, असे भगवानलालांनी म्हटले. करंडकात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही होते. मूर्ती मात्र त्याच्या कितीतरी नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या आहेत, असे जाणकार सांगतात. म्हणजे काही शतकांनंतर कोणीतरी स्तूप पुन्हा उघडून, श्रद्धेने या मूर्ती आत ठेवून तो बंद केला असावा.

हे सगळे कुठे गेले? एशियाटिक सोसायटीकडे, म्हणजे टाऊन हॉलमध्ये. या उत्खननाची हकीकत सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली आणि करंडक व मूर्ती सोसायटीच्या संग्रहात जमा झाल्या. सोसायटीच्या मोलाच्या ठेव्यांत त्या आजही मोजल्या जातात.

जरा विचार करा. १८८२ साली मुंबईत बाबासाहेब नव्हते, त्यांचा जन्म १८९१ चा. बौद्ध म्हणवणारा माणूस महाराष्ट्रात शोधून सापडला नसता. अशा काळात तो करंडक जपला गेला, याचे कारण एकच. शहरात अशी एक इमारत होती जिथे वस्तू आली की तिची नोंद होते, तिच्यावर निबंध लिहिला जातो आणि ती कपाटात सुरक्षित राहते. गावातल्या टेकडीतून सोन्याची डबी सापडली असती आणि असे ठिकाण नसते, तर सोने सोनाराकडे गेले असते आणि मातीचे तुकडे उकिरड्यावर. ज्यांनी ती इमारत बांधली त्यांनी ती आपल्यासाठी बांधली नव्हती. तरीही जपणूक झाली ती आपल्या ठेव्याची.

आता पायरीची पुढची हकीकत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कोर्टे, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. यातले तत्त्व काय? जे सर्वांच्या पैशातून उभे राहिले, त्याचे दार सर्वांना उघडे पाहिजे. ठराव कागदावर झाला, पण पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ चे महाड लागले. दार उघडे आहे असे लिहून भागत नाही, कोणीतरी पायरी चढून आत जावे लागते, हे बाबासाहेबांनी आपल्याला चवदार तळ्यावर दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर टाऊन हॉलचा खरा कायापालट झाला. गव्हर्नरांचे समारंभ संपले. राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय त्याच इमारतीत आले. सोसायटीचा एक लाखाहून अधिक ग्रंथांचा संग्रह आणि सरकारी ग्रंथालय शेजारी-शेजारी नांदू लागले. पुढे दोघांचा कारभार वेगळा झाला. आणि १९५४ साली एक कायदा झाला, डिलिव्हरी ऑफ बुक्स ॲक्ट. देशात कोणीही पुस्तक छापले की तीस दिवसांच्या आत त्याची एकेक प्रत ठरलेल्या चार ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची. ती ग्रंथालये म्हणजे कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा, दिल्लीची पब्लिक लायब्ररी आणि चौथे मुंबईचे हे मध्यवर्ती ग्रंथालय.

या कायद्याकडे आम्ही आपल्या नजरेने पाहिले. यात लेखकाची जात विचारलेली नाही. प्रकाशक फोर्टातला आहे की नायगावच्या बीडीडी चाळीतला, हे विचारलेले नाही. १९७८ साली ग्रंथालीने दया पवारांचे ‘बलुतं’ काढले. चावडीखाली उभ्या राहणाऱ्यांच्या घरातली ती कहाणी. कायद्याप्रमाणे तिचीही प्रत या शहराच्या चावडीत सन्मानाने जमा व्हायची. येसकराला ज्या चावडीवर बसता आले नाही, तिच्यात त्याच्या नातवाचे पुस्तक जाऊन बसणार, आणि ते नाकारायचा अधिकार कोणालाच नाही! भिंती त्याच, खांब तेच, पायऱ्या तीसच. पण आत काय ठेवले आहे आणि आत कोण येऊ शकतो, हे बदलले. आमच्या मते टाऊन हॉलचे रूपांतर झाले ते हेच.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. त्यांनी राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा व्हावी म्हणून. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि पुढे त्याच्यासाठी त्याच फोर्टात, टाऊन हॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावर, इमारती घेतल्या. त्यांची आजची नावे आनंद भवन आणि बुद्ध भवन. व्यापारी पेठेतल्या इमारतीत आपल्या पोरांना शिकायला बसवले. ‘शिका’ हा शब्द त्यांनी पहिला ठेवला, हे आपण भाषणात रोज म्हणतो. त्याला बसायची जागा लागते, एवढेच आम्ही जोडतो.

तर मंडळी, आता तुमचा वरचा मजला.

भाड्याने द्या म्हणणाऱ्यांची अडचण खरी आहे. वीजबिल भावनेने भरत नाही. पण टाऊन हॉलचा तो बारकावा आठवा. ज्याने पैसा घातला त्याने जागा घेतली. एकदा का मजल्याचा खर्च लग्नाच्या भाड्यातून निघू लागला, की तारीख लग्नाची आधी बघितली जाईल. आज म्हणतील, रविवारचाच दिवस द्या. मग मुहूर्त शुक्रवारचा निघेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये लग्नसराई आणि परीक्षा एकदमच येतात. तेव्हा खुर्च्या कोणासाठी हलवल्या जातील? मुलांच्या पुस्तकांची कपाटे जिन्याखाली जातील आणि वर मंडपवाल्याचे सामान येईल. कोणी वाईट हेतूने करणार नाही, पण असे होईल. आम्ही आमच्याच वस्तीत हे पाहिले आहे.

म्हणून आमचे मत असे. खालचा हॉल कार्यांना द्यावा, जरूर द्यावा, गरिबाच्या घरचे लग्न विहारात लागणे हीही धम्माचीच गोष्ट आहे. वरचा मजला मात्र पुस्तकांचा आणि मुलांचा ठेवावा, आणि त्याचा खर्च भाड्यावर टाकू नये. तो वेगळ्या वहीत लिहावा. घरटी महिना ठरावीक वर्गणी, ज्याला जमेल त्याने थोडी जास्त, ज्याला जमणार नाही त्याने आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे बसून मुलांवर लक्ष ठेवावे. नोकरीला लागलेल्या मुला-मुलींनी पहिल्या पगारातून एक पुस्तक द्यावे. ज्या कामाचा पैसा शंभर घरांतून येतो, ते काम एका भाडेकरूच्या सोयीने बंद पडत नाही.

आणखी एक. नुसती परीक्षेची गाइडे ठेवून भागणार नाही. या वस्तीचा स्वतःचा ठेवा तिथे असला पाहिजे. १९५६ च्या दीक्षेला नागपूरला गेलेल्या माणसांच्या घरी त्या वेळची पत्रे, फोटो, बिल्ले अजून पत्र्याच्या पेटीत पडून आहेत. जलशांची हस्तलिखिते आहेत, नामांतराच्या लढ्याची पत्रके आहेत, आजीच्या तोंडची गाणी आहेत. ती उंदीर खातील, नाहीतर घर बदलताना रद्दीत जातील. एक नोंदवही करा. वस्तू कोणाची, कधी आली, तिच्यामागची हकीकत काय, हे लिहून ठेवा. सोपाऱ्याच्या करंडकात कोणी मातीचे तुकडे सोन्यात ठेवले, कारण त्यांना त्यांचे मोल कळत होते. आपल्याला सोन्याची डबी परवडणार नाही. कुलूप लागणारे एक लोखंडी कपाट आणि रेघांची वही परवडेल.

महिला मंडळाला आमची खास विनंती. अभ्यासिकेच्या किल्लीचा मान तुमच्याकडे घ्या. मुलगी रात्री नऊपर्यंत तिथे निर्धास्त बसू शकली, तरच त्या मजल्याचे दार सर्वांना उघडे आहे असे म्हणता येईल. नाहीतर आपणही एक नवी पायरी बांधली, असे होईल.

पुढच्या महिन्यात समितीची सर्वसाधारण सभा आहे असे समजले. निर्णय तुमचा, तुम्ही घ्याल तो आम्ही मानू. पण सभेच्या आधी समितीने वस्तीतल्या दहावी-बारावीच्या मुलांना घेऊन एक दिवस टाऊन हॉलला जाऊन यावे. तीस पायऱ्या मुलांना मोजू द्या. वर जाऊन मोठ्या माणसांनी त्यांना विचारावे, "आपल्याकडे अशी जागा झाली तर तुम्ही तिथे येऊन बसाल का?" त्यांचे उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे आणि मग मत टाकावे.



नमो बुद्धाय! जय भीम!